साखळी वाजली पायजे

पुसदची एस.टी. जिथं तोंड फिरवते
तिथल्या चिंचेच्या डाव्या अंगाला, पडीत जमिनीत,
आम्ही नऊ टोपल्या रोवल्या.
टोपली म्हणजे
मोडक्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव,
तिला लोंबत्या सायकलींच्या जुन्या साखळ्या,
खाली कोंबड्या झाकायचं डालं, उताणं.
चकत्या मात्र खऱ्या.
अकोल्याचं हॉस्टेल सोडताना माझ्या भाच्यानं दिलेल्या, सात.
(एक विहिरीत. सहा.)

मी गणिताचा मास्तर. शास्त्रानं शिकवायचो.
पाय असा, खांदा असा, मनगट सगळ्यात शेवटी,
चकती छातीजवळून सरळ ओढायची
वहीला समास आखावा तशी.
पोरं हुबेहूब माझ्यासारखी फेकायची
आणि हुबेहूब माझ्यासारखी
बाभळीत अडकवायची.

उकंडा आडे शेळ्या वळत आला.
त्यानं चकती उभी धरली, कानामागून,
आणि गोफणीतून धोंडा सुटावा तशी डोक्यावरून सोडली.
ती कुऱ्हाडीगत उभी चढली, बाभळीच्याही वर,
तिथं जरा थांबली की काय असं वाटलं,
कूस बदलली,
पाठीवर झाली, आणि टोपलीपासून दोन पावलांवर
मेलेल्या बेडकासारखी पडली.
मी म्हणालो, हे चुकीचं आहे.
तो म्हणाला, "मंग वापस आणू काय, सर?"

त्यानंतर कुणी माझं ऐकलं नाही.
सातव्या टोपलीकडं उन्हाळ्यात नुसत्या भेगा,
हात जाईल एवढ्या, काळ्या मातीच्या.
तिथं पोरांनी चकती कडेवर उभी करून
गाडीवाटेत सोडली. ती टायरासारखी धावत सुटली,
वळणाला वळली, चढाला दमली,
टोपलीच्या पायाशी जाऊन आडवी झाली.
चाकोरीबाहेरचा फेक म्हणून मी नावं ठेवत होतो
तो एकटाच काय तो चाकोरीतून गेला.

भादव्यात रपट्यावर गाडी घसरली.
यवतमाळच्या डॉक्टरनं खांद्यात पट्टी बसवली.
तेव्हापासून उजवा हात वर जात नाही.
मी फळ्याच्या खालच्या अर्ध्यात लिहितो,
मागच्या बाकांवरची पोरं उभी राहून वाचतात.
चकती कपाटावर. तिच्यावर खडूची धूळ.

पंचफुला खंदारे शाळेत खिचडी शिजवते,
लग्नसराईत लंबी रोटी टाकते.
ओली कणीक दोन्ही हातांवर झुलवत
कोपरापर्यंत नेते, आणि उलट्या माठावर अशी सोडते
की सुरकुती पडत नाही.
तिनं कपाटावरची चकती काढली, पदरानं पुसली,
पाचही बोटांच्या टोकांवर उंच तोलली,
थोडी फिरवली. ढकललीच म्हणा.
छन्न.
कुठल्या वाटेनं गेली ते मला दिसलंही नाही.
"तुमचा डावा हात काय सुट्टीवर हाय?" तिनं विचारलं.

मग रोज चारनंतर, भांडी घासून झाली की,
पाचवी टोपली, दहा पावलं.
उभं राहून तोल जातो, म्हणून मी गुडघा टेकला.
पॅन्टीला गोखरू चिकटले.
डाव्या हाताची बोटं पहिलीतल्या पोराच्या अक्षरासारखी,
ओळ सोडून खाली जाणारी.
पहिली आखूड. दुसरी आखूड.
तिसरी उकंडाच्या बोकडाला लागली
आणि त्यानं ती खाऊन बघितली.
"सर, तुमी लई इचार करता," पंचफुला म्हणाली,
"रोटी माठाले इचारून टाकाची असते काय?"

कोन किती, वारा कुठून, हे मनात चालूच होतं.
ते बंद नाही होत. मी बंदही केलं नाही.
फक्त त्याच्या आधी हात सुटला.

साखळी वाजली.
चकती धावेवर आपटली, बाहेर आली,
कडेवर उभी राहिली,
आणि गाडीवाट धरून उताराला लागली,
उकंडा मागे, शेळ्या उकंडाच्या मागे.
"वाजली ना?" पंचफुलानं विचारलं.
वाजली.
"मंग झालं."

विहिरीकडून आवाज आला तेव्हा
मी अजून एका गुडघ्यावरच होतो.
(पाच.)