चौथा विषय

फॉर्म पिवळा होता, पाठपोट.
'विषय सोडण्याचे कारण' याला एक ओळ,
पालकांच्या सहीला मात्र अर्धं पान.

बाबानं कोल्ड स्टोरेजच्या पाळीला निघता निघता सही केली,
हातमोजा दातात धरून.
"जर्मनच ना? मग काय अडलंय," म्हणाला,
"डॉक्टरला कोण विचारतंय जर्मन."

खरंच कोणी विचारत नव्हतं.
मेडिकलचे चार अर्ज, तीन नकार,
आणि शेफील्डचं एक पत्र:
तीन विषयांत तीन ए आणा, जागा तुमची.
चौथ्याचं त्यात नावही नव्हतं.
जानेवारीच्या सराव परीक्षेत रसायनाला बी आला,
आणि रात्री दीड वाजता मी
कार्बनच्या साखळ्या अर्ध्यावर टाकून
क्रियापदांची शेपटं शोधत बसलेली.

विद्यापीठाला ईमेल लिहिला. अकरा वेळा खोडला.
सतरा महिन्यांचा विषय परीक्षेच्या तोंडावर सोडतेय,
तर कुणीतरी रागवेल, निदान विचारेल,
म्हणून उत्तरं पाठ करून ठेवली होती.
चार मिनिटांत उलट टपाल:
'आपल्या जागेवर याचा परिणाम होणार नाही.'
हायसं वाटलं.
आणि जरासा अपमानही.

ऑसगर्बीबाईंचा वर्ग आता वर्ग राहिला नव्हता.
सुरुवातीला आम्ही पाच जण, नाताळपर्यंत दोघं,
म्हणून आम्हाला संगीताच्या खोलीमागे हलवलेलं,
फुटक्या ड्रमच्या आणि झाकलेल्या चेलोच्या शेजारी.
खिडकीतून ग्रिम्सबीचा गोदीतला मनोरा दिसायचा,
वारा उलटा असला की मासळीचा वास यायचा,
आणि वुकाश, ज्याच्या घरी पोलिश, शाळेत इंग्रजी,
तिसऱ्या भाषेत सगळ्यात कमी चुकायचा.

बाईंनी फॉर्म वाचला, दोन्ही बाजूंनी.
कारणाच्या ओळीत मी लिहिलं होतं: वेळ
त्यांनी हिरव्या पेनानं पुढे पूर्णविराम दिला.
सवयच ती.
"थांबणे, जर्मनमध्ये?"
"आउफह्योरेन."
"फोड कर."
"ह्योरेन म्हणजे ऐकणे. आउफ तुटून वाक्याच्या शेवटी जातं."
"छान," म्हणाल्या, आणि सही केली.

थांबण्याच्या पोटात ऐकणं कसं काय शिरलं
ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.
पुढच्या टर्मसाठी ठेवलं असेल.

दाराशी म्हणाल्या,
"म्हणजे तू आता इकडे फिरकायची नाहीस, हेटी."
त्यावर जर्मनमध्ये एक शब्द आहे, एवढासा: डोख.
समोरच्याचं 'नाही' तिथल्या तिथे उलटवणारा.
'येणार की!' म्हणताना जो 'की' असतो ना, तेवढाच.
माझ्या इंग्रजीत त्याला जोड नाही.
आठवला. जिभेवरही आला.
पण तो म्हटला तर यावं लागलं असतं.
मी नुसतं थँक यू म्हणाले
आणि दार, जे आपोआप लागतं, ते हातानं लावलं.

आता मंगळवारी चौथ्या तासाला मी मोकळी.
लायब्ररीत जाते. रसायन बरं चाललंय,
परवाच्या चाचणीत ए, काठावरचा.
वाट मात्र संगीताच्या खोलीवरूनच आहे.
दुसरीही आहे, कँटीनकडून. तिकडून जात नाही.

काल दाराच्या काचेतून दिसलं:
तोंडी परीक्षेचा सराव, स्टेशनवरचा संवाद.
'अ' वुकाश. 'ब' मी असायची.
'ब'चं आता बाई वाचतात,
आवाज थोडा बारीक करून,
गाडी चुकलेल्या मुलीसारखा,
आणि विचारतात, पुढची गाडी किती वाजता.

वुकाश पान उलटतो. त्याला सापडत नाही.

सोळा बावन्न, फलाट तीन.
मला पाठ आहे.