चिकट

छावणीतल्या आमच्या देवळामागे
जिथे पूर्वी शवपेटीची ढकलगाडी उभी असायची
त्या खोलीत आता संगणक येतात.
बँकेने टाकलेले, एका वकिलाच्या विधवेने दिलेले,
एक तर दातांच्या दवाखान्यातला,
पंख्याशी नाक नेलं तर अजून लवंगेचं तेल.

रूफस ओहोळ स्क्रू काढतो आणि ओठांत धरतो,
शिंप्यानं टाचण्या धराव्यात तसे.
तासभर त्यामुळे तो कुणाशी बोलू शकत नाही.
त्याची बायको म्हणते, तेवढीच खरी उपासना.

माझ्याकडे कळफलक.
एकतीस वर्षं विद्युत मंडळात टाइप केलं मी,
बहुतेक वीज तोडण्याच्या नोटिसा.
आता जुन्या टूथब्रशनं फटी घासते.
निघतात शेवेचे तुकडे, पापणीचे केस,
एकदा अक्षतेचा एक दाणा, कुंकवासकट.
पुसण्याआधी आत काय आहे ते मी बघत नाही.
एकदाच दिसलं, ‘घर सोडताना’ नावाची फाइल.
उघडली नाही.
म्हटलं, रूफस, हा तू पूस.

सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आली.
तरुण संघाची नऊ पोरं, सात संच, भाड्याची तूफान.
पडदे गोधड्यांत गुंडाळून मांडीवर,
प्रिसिल्ला तर तिच्या पडद्याला थोपटत होती
खड्डा आला की.
धार गेलं, कुक्षी गेलं,
मग रस्ताही गेला.

शाळेचे डावर सर भले माणूस.
चहा झाला, खुर्च्या पुसल्या,
मग त्यांनी मला बाजूला घेतलं:
ताई, बाकी सगळं ठीक,
हे स्टिकर तेवढे.
निळे, बोटभर, क्रूस आणि खाली फोन नंबर.
कुणी फोटो काढला तर
माझी बदली होईल, आणि या पोरांचं…
वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

योएल भडकला. मग परत नेऊ, म्हणाला.
एकोणीस वर्षांचा आहे.
मलाही आतून काहीतरी टोचलं, खोटं कशाला बोलू.
रूफसच्या तोंडात चार स्क्रू होते.
त्यानं खिशातून रुपयाचं नाणं काढलं
आणि खाली बसून खरवडायला लागला.
एक. दोन. तिसऱ्याला योएलही बसला,
नखांनी.

कागद निघाला. डिंक राहिला.

दाराशी एक म्हातारी कधीची उभी होती.
बदल्यात काय, तिनं विचारलं,
आमच्यात कुणी काही फुकट देत नाही म्हणून.
मी म्हटलं, गोधड्या परत हव्यात, देवळाच्या आहेत.
ती हसली, आत आली,
आणि साती गोधड्यांच्या अशा घड्या घातल्या
की आमच्या महिला मंडळानं पाहाव्यात.

पहिलं बटण दाबलं आणि वीज गेली.
पोरं माझ्याकडे बघायला लागली,
जणू मीच तोडली.
कुणाला काय सांगणार.
काळ्या पडद्यात त्यांचे चेहरे एकमेकांना दिसत होते,
ते त्यातच खूश, जिभा काढून दाखवत होते.
कुणी मोठ्यानं प्रार्थना केली नाही.
प्रिसिल्लाचे ओठ हलत होते,
पण ती कदाचित मक्याची भाकर खात असेल.

पाचला आली.
थावरी नावाच्या मुलीनं आपलं नाव टाइप केलं:
थाववववववव
थांबेचना. वर्ग लोटपोट,
ती मात्र रडवेली, आपलंच बोट चुकलं म्हणून.
माझी चूक होती ती.
ती कळ मी घासली होती, तपासली नव्हती.

रूफसनं चपलेचा तुकडा कापला,
ब्लेडनं, तांदळाएवढा, आणि कळीखाली बसवला.
तिनं पुन्हा सुरुवात केली.
थावरी. मग मोकळी जागा.
मग बराच विचार करून बकरीचं नाव, गुलाबी.

परतीला तूफानमध्ये सगळे झोपलेले.
रूफसची एक चपल लूत भरल्यासारखी.
माझ्या अंगठ्याला अजून तो निळा डिंक.
पुसला तर निघाला असता,
पण धारपर्यंत मी त्याला
दुसऱ्या बोटानं चाचपत राहिले.