सहा मीटर

बिश्केकच्या कारखान्यात मी दिवसाला तीनशे चेनी लावते.
ब्लाउज मॉस्कोला जातात, कातरण मागे उरते:
बोटभर, वीतभर, कधी नुसती तिरकी कड.
मालकीण म्हणते, जाळायचंच आहे, ने.
महिनाअखेर मी पोतं मिनीबसच्या टपावर बांधते.
सात तासांनी, खिंड उतरून, अतबाशीच्या घरी
आई पोत्याची गाठ सोडते
आणि मटार निवडायला बसावं तशी बसते.

घरात उघडं असं काही राहिलेलं नाही.
किटलीला टोपडं आहे.
थर्मासला बंडी, तिला दोन बटणंसुद्धा.
रिमोटला खोळ, मिठाच्या डब्याला झालर,
चुलीवरची भांडी धरायला त्रिकोणाला त्रिकोण जोडलेली फडकी,
इतकी देखणी की त्यांना काजळी लागू नये म्हणून
आई भांडी ओढणीनं धरते.
वडिलांचा चष्मा आता कुणी घालत नाही,
तोही निळ्या घरात झोपलाय.
शेजारच्या तिलेकच्या दप्तराला उंदरानं भोक पाडलं,
तिथं मेंढ्याचं लाल शिंग उगवलं;
पोरगा आठवडाभर दप्तर पोटावर धरून शाळेत गेला.

तिचा धावदोरा सरळ जात नाही हल्ली.
डोळ्यांचं नाव काढत नाही, म्हणते,
वाटेत डोंगर लागला, वळसा घातला.

पण एक डबा वेगळा आहे. बिस्किटांचा, पत्र्याचा.
माझ्या पोत्यातलं त्यात काही जात नाही.
त्यात जिर्तिश असतं.
पिकल्या वयात कुणी गेलं की घरचे
आलेल्या बायकांना नव्या कापडाच्या पट्ट्या वाटतात.
कात्री लावत नाहीत, फाडतात.
गेलेल्याचं आयुष्य तुम्हालाही लाभो.
कुठली पट्टी कुणाची, आईला पाठ आहे.
मला सगळ्या चिंध्याच दिसायच्या.

या खेपेला तिनं माझ्या फोनला पिशवी शिवली.
मधोमध जांभळा चौकोन.
"ही उल्कान. त्र्याण्णव वर्षं जगली.
एका मेंढीवरून बारा वर्षं माझ्याशी बोलली नाही.
आता म्हणावं, बस दिवसभर माझ्या लेकीच्या कानाशी."
आणि दातानं दोरा तोडला.

रविवारी बाजारात गेलो ते सुयांसाठी.
आई मात्र कापडाच्या गाळ्यापाशी रेंगाळली.
एक तागा काढायला लावला, मग दुसरा.
चिमटीत चुरगाळलं, उजेडाला धरलं,
थुंकी लावून रंग सुटतो का ते पाहिलं.
फुलांचं हवं, म्हणाली, पण मोठी फुलं नकोत,
अर्धंच फूल वाट्याला आलं की बाई खट्टू होते.
नायलॉन नको, सुई घसरते.
विरविरीत नको, कुणी गरम तवा धरायला घेईल, भाजेल.

मला वाटलं, पडदे.

मग दुकानदारीण हां हां म्हणेपर्यंत
तिनं कड दोन्ही मुठींत धरून
टर्रकन बोटभर फाडली.
कान देऊन ऐकलं.
कापड सरळ फाटत गेलं, धाग्याला धागा धरून.
तिनं मान डोलावली
आणि मी तिच्याकडे बघायचं टाळून
समोरच्या मोज्यांचे भाव वाचू लागले.

"आई, एवढी घाई काय आहे?"
"घाई नाही, म्हणून तर निवडता येतंय."

"किती देऊ?" दुकानदारीण म्हणाली, गज उचलून.
"आणि शिवायचं काय? झगा? उशा?"
"सहा मीटर," आई म्हणाली.
"काय शिवायचं ते जिचं ती ठरवेल."
मग भावावरून अर्धा तास भांडली,
फाडलेल्या कडेचे पैसे कमी करून घेतले.

गठ्ठा माझ्या हाती दिला नाही.
चिखलातून, बर्फाच्या कडेकडेनं,
काखोटीला मारून एकटीच पुढे चालत राहिली.
मी मागून मोजत होते:
वीतभर रुंद पट्टी धरली, तर किती बायका.

सुया घ्यायच्या राहूनच गेल्या.