अक्काबाई, चल

चाटी गल्लीतल्या आमच्या दुकानाची पायरी
साडेपाच फूट लांब, दोन फूट रुंद.
मी मापलेली नाही, अक्कानं सांगितलं.
"माझ्यापेक्षा चार बोटं जास्तच हाय बघ,
पाय लांब करता येतात."

साडेनऊला शटर पडलं की पायरी तिची.
सकाळी सहाला झाडून, सडा मारून परत आमची.
शेठ याला भाडं म्हणत नाहीत.
ती म्हणते.

तुम्हाला वाटेल, आता मी तिचं नाव लक्ष्मी सांगणार.
नाही. राजव्वा बोद्दुल.
वीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप,
सुपात भिजवलेली पानं, कातर, तंबाखूचा भुगा.
नवरा मिलमध्ये. तिच्या फाटकावर
कमळातली देवी होती, पत्र्याची.
कुलूप लागलं तेव्हा देवी बाहेरच्या बाजूला राहिली,
तळहातातून नाणी सांडत, गंजत.
मग खोली गेली, नवरा गेला,
मुलगा भिवंडीला गेला.
तिच्या बोलण्यात ही तिन्ही क्रियापदं
आता एकाच सुरात येतात.

आधारकार्ड आहे, चोळीत, प्लास्टिकच्या पिशवीत.
त्यावरच्या पत्त्यावर पार्किंग झालंय.

लक्ष्मीपूजनाला पायरी लवकर मोकळी होईना.
गिऱ्हाईक, झेंडूचा ढीग, लाह्या-बत्तासे.
शेठाणींनी पायरीवर पावलं चिकटवली,
लाल, प्लास्टिकची, बोटं आतल्या बाजूला.
"यांच्यावर झोपू नको हं अक्का."
"कुशीवर झोपते की," ती म्हणाली.
नवी केरसुणी हळदीकुंकू लावून पाटावर बसली होती.
जुनी कुणी कुठं टाकली कळेना.
अक्कानं पुठ्ठ्यानं पायरी झाडली.

त्या रात्री शटर अर्धं उघडं ठेवतात.
लक्ष्मी येते म्हणून दार उघडं
आणि चोर येतो म्हणून मी,
स्टुलावर, दोनशे रुपये जादा.
आत छतापर्यंत घडीवर घडी चादरी,
बाहेर पोत्यावर अक्का,
मधे एक पणती.

"कुणाची वाट बघतोस बे?"
"लक्ष्मीची."
"कशी असती?"
मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून दाखवलं.
पणतीजवळ धरून तिनं बराच वेळ बघितलं.
"उभीच हाय की ही.
हिलाबी कुणी बस म्हणंना?"

पहाटे तीनला वरच्या मजल्यावर सूप वाजलं.
केरसुणीचा दांडा सुपावर आपटत,
खोलीखोलीतून, मग जिन्यावरून खाली,
सुना, नातवंडं, झोपाळलेली, हसणारी:
अक्काबाई, चल बाहेर! अक्काबाई, चल!

ती उठून बसली. घाबरली नाही.
पोतं गुंडाळलं, पिशवी काखेत घेतली,
अंधारात बरोबर चपला सापडल्या.
पालिकेची गाडीही साधारण याच वेळी येते.

"तुला नाही म्हणत," मी म्हणालो.
"ती वेगळी. लक्ष्मीची बहीण."
"धाकटी?"
"थोरली."
"थोरलीला घालवतात?"
गोष्ट मला लहानपणापासून पाठ आहे.
सांगितली नाही.

ती उभ्यानंच कान देऊन ऐकत राहिली.
"कडेची वीण उसवलीय," म्हणाली,
"असल्या सुपातनं तंबाखू सांडतो."

इथं मी एक चादर काढून तिला दिली
असं लिहिलं असतं तर कविता बरी झाली असती.
दिली नाही. पाडव्याला मालाची मोजदाद असते,
आणि शिल्लक माझ्या सहीनं लागते.

उजाडताना तिनं पायरी धुतली.
एक पाऊल पाण्यानं सुटून गटारीपर्यंत गेलं.
ते उचलून, पदराला पुसून,
तिनं पुन्हा जागेवर दाबून बसवलं.

दहा वाजता मी वहीवर श्री लिहायला बसलो
तेव्हा दिसलं:
बाकी सगळी पावलं आत येणारी,
हे एक रस्त्याकडे.
शेठाणी म्हणाल्या, उलटं चिकटलंय, सरळ कर.
मी नख लावून बघितलं.
निघालं नाही.