आदेशात कूलरचा उल्लेख नाही

पुढची खोली त्याची.
मागची खोली आणि स्वयंपाकघर माझं, मुलीसकट,
पुढील आदेशापर्यंत.
संडास-बाथरूम सामाईक.
खोब्रागडे वकीलबाईंनी कागद दोनदा वाचून दाखवला,
सिव्हिल लाइन्सच्या पार्किंगमध्ये, स्कुटीच्या सीटवर ठेवून.
म्हणाल्या, "घर सोडू नको, बाई.
एकदा उंबरा ओलांडला की सारं आपल्यालेच सिद्ध करा लागते."

म्हणून मी सोडलं नाही.
मानेवाड्याचा हा प्लॉट सासऱ्यांनी घेतलेला,
आरएल सासूच्या नावानं,
स्लॅबचं कर्ज त्याच्या पगारातून
आणि टाइल्स माझ्या पाटल्या मोडून.
कोर्टाला टाइल्स दिसत नाहीत, पावती दिसते.
पावती सोनाराकडे.
सोनार इतवारीतलं दुकान विकून कुठे गेला, कोणास ठाऊक.

सासू नणंदेकडे भंडाऱ्याला गेली.
जाताना दोघांनाही म्हणाली, "राहा बाप्पा, तुम्हीच राहा,"
आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण तेवढा
रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

मधल्या दाराला आता दोन कड्या,
एक इकडून, एक तिकडून.
मृण्मयी अंगणातून वळसा घालून जाते येते;
पुढे गणित, मागे जेवण.
इकडचं तिकडे एक अक्षर सांगत नाही.
अकरा वर्षांच्या पोरीला हे कोणी शिकवलं?

नवतपा लागला.
रात्री बारालाही भिंत हाताला चटका देते.
कूलर पुढच्या खिडकीत.
त्याच्या वाळ्याच्या ताट्या मी आणलेल्या, बर्डीहून,
साठ रुपये कमी करून घेतले होते.
मी ओली ओढणी पिळून पोरीच्या अंगावर टाकते,
पंखा तीच गरम हवा ढवळत बसतो.

परवा रात्री खट्ट झालं.
तिकडची कडी.
मी उठून बसले, हातात मोबाइल, वकीलबाईंचा नंबर काढून.
दार कोणी ढकललं नाही.
नुसता बादलीचा आवाज,
टाकीत पाणी ओतल्याचा, एकदा, पुन्हा एकदा,
मग खाट करकरली,
मग मोटरची घरघर.

इकडची कडी मी काढली की नाही
हे वकीलबाईंना सांगितलेलं नाही.

सकाळी पोरीच्या केसांना वाळ्याचा वास येत होता.
भरपूर तेल थापून घट्ट वेणी घातली.
पुढची तारीख अकरा जून.