मधली जागा

हॅक्सॉचं पातं मोडलं, फेकलं नाही.
दोन तुकडे, चार पितळी स्क्रू,
एक आयसी जुन्या टेपमधली,
बुडाला मिलमधून आणलेला लोखंडी ठोकळा,
नाहीतर मिनिटाला चाळीस शब्दांच्या वेगाला
पॅडल टेबलावरून चालू लागतं.

जालन्यात भट्ट्या पेटल्या
की कानात नुसती कढई तडतडते.
दुपारी लाइट गेली, गल्लीनं शिव्या दिल्या,
मी बॅटरीवर हेडफोन चढवला.
बँड कसा, धुऊन वाळत घातल्यासारखा.

उदगीरच्या मोईजभाईंना असाच कीअर
साबणाच्या डबीतून एसटीनं पाठवला होता.
म्हणाले, ह्यात सगळे डिट सारखेच, मियाँ,
माणूस कुठाय?
त्यांच्या जुन्या चावीवर
प्रत्येक डा जरासा लंगडायचा.

आज सरळ आले सगळे. ओळखू येईनात.
कागदावर उतरवणं मी कधीच सोडलंय,
शब्द आपसूक कानात उगवतात.
आणि मग माझ्या नावाआधी
ते थांबले,
चष्मा पुसावा तेवढं.

तिथं आयसीचं काही चालत नाही.

निरोपाला दोन डिट द्यायचे असतात.
मी दिले.
त्यांचा एक आला,
आणि लाइट आली.