भोकं दोन

भोकं दोन पाडायची,
डावीकडे एक, उजवीकडे एक,
दोन्ही पाण्याच्या रेषेखाली.
लेलंड प्राउटी सकाळपासून तीनदा विचारून गेला,
"आयली, मोजमाप पुन्हा घेतलंस ना?"
घेतलं. चारदा घेतलं.
बोटीच्या पोटावर पेन्सिलीचं वर्तुळ
दंडावरच्या देवीच्या व्रणासारखं दिसतं.

एकाहत्तर सालची बोट. नाव 'सँडपायपर'.
अस्टोरियाच्या धक्क्यावर तिला सगळे ओळखतात
ते तिच्या डोलण्यावरून.
गोल बुडाची. वारा पडलेला असला तरी
या कुशीवरून त्या कुशीवर,
झोप न येणाऱ्या माणसासारखी.
कोलंबियाच्या मुखाशी, जिथे नदी आणि समुद्र
एकमेकांना वाट देत नाहीत,
तिथे एकदा कपाटातून
खारवलेल्या हेरिंगची बरणी सुटली
आणि व्हर्नाच्या गुडघ्यावर फुटली.

तेव्हापासून व्हर्ना प्राउटी बोटीवर पाय ठेवत नाही.
शनिवारी धक्क्यापर्यंत येते,
डबा देते, हात हलवते, गाडी वळवते.
सहा वर्षं.

लेलंडला आधी स्वस्तातलं हवं होतं:
दोन्ही अंगांना लांब काठ्या, काठ्यांना साखळ्या,
साखळ्यांच्या टोकाला पाण्यातून ओढायचे लोखंडी मासे,
जुने ट्यूनावाले करायचे तसं.
"त्यात बिघडण्यासारखं काही नाहीच."
व्हर्ना फोनवर म्हणाली,
"आणि ते वर कोण खेचणार? तुझी पाठ?"

मग पर ठरले.
खरे, बुडाला बसवायचे, हलते पर.
सोबत पंप, तेलाच्या नळ्या,
आणि एक डबी, जेवणाच्या डब्याएवढी,
जिला बोट कलणार हे
बोटीच्या आधी कळतं.
बोटीच्या निम्म्या किमतीचा आकडा ऐकून
लेलंड बराच वेळ नांगराच्या साखळीकडे बघत बसला.
मग म्हणाला, "कर."

माझं काम भोकांचं.
करवत लावली तेव्हा तो गोदीबाहेर गेला,
पावसात, टोपी न घालता.
पांढरी भुकटी उडाली, मानेत, मोज्यांत,
आठवडाभर खाजत राहील अशी.
मग चकती सुटून हातात आली,
बशीएवढी, दीड इंच जाड,
कडेला थरावर थर.
आणि एका थरात
एक केस.
लांब, तांबूस.
एकाहत्तर साली कुणीतरी मान खाली घालून
राळ फासत होतं, तेव्हाचा.
लेलंडला दाखवला.
त्यानं चकती रुमालात गुंडाळली
आणि वरच्या खिशात घातली. मावत नव्हती,
तरी घातली.

चाचणीच्या दिवशी व्हर्ना आली.
लाइफ जॅकेट गाडीतच चढवलेलं,
थर्मास दोन गुडघ्यांमध्ये.
नदीमुखाबाहेर लाट सहा फुटांची, आडवी.
मी खटका दाबला.
बोट कलायला निघाली
आणि अर्ध्यातून विचार बदलल्यासारखी
परत सरळ झाली.
पुन्हा निघाली. पुन्हा विचार बदलला.
कपातली कॉफी कपातच.
लेलंड सुकाणूवर, आणि मागे वळून बघायची त्याची हिंमत नाही.

व्हर्नानं मला विचारलं,
"आणि उभी असताना?"
खोटं बोलता आलं असतं.
म्हटलं, पाणी परांवरून वाहिलं तरच ते धरतात.
थांबलेल्या बोटीला त्यांचा काही उपयोग नाही.
"म्हणजे नांगर टाकला की पुन्हा तेच?"
"तेच."
"बरं," ती म्हणाली,
आणि थर्मासचं झाकण उघडलं.

संध्याकाळी खाडीत नांगर टाकला.
इंजिन बंद. बगळा एक.
लाकडाचा तराफा ओढत एक टगबोट गेली,
आणि तिच्या लाटा आल्या
सावकाश, ओळीनं.
सँडपायपर डोलली, जुनी, मनसोक्त,
इकडे, तिकडे, इकडे.
कपाटात बरणी खणखणली.
व्हर्ना लेलंडशी बोलत होती
कुठल्यातरी छपराच्या गळतीबद्दल,
आणि बोलणं न तोडता, न बघता,
तिनं पाय लांब केला
आणि कपाटाचं दार
टाचेनं दाबून धरलं.